दोन मिनिटं सलग

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तुमसरच्या घरात इंग्रजी तीन पिढ्यांपासून राहत होतं, पण त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता. आबाजींच्या लोखंडी पेटीत अर्जांच्या कार्बन प्रती होत्या. दुपारच्या गाडीनं नागपूरहून ‘हितवाद’ येत होता. बाबांच्या बाजार समितीच्या फायली होत्या, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं होती. एवढं सगळं असून जेवताना, भांडताना, रुसताना कोणाच्या तोंडून त्यातलं एक वाक्य बाहेर पडत नसे. वाचायचं, लिहायचं आणि पेटीचं झाकण लावायचं.

आबाजी चिखल्याच्या मँगनीज खाणीत कारकून होते. खाण तेव्हा गोऱ्या साहेबांच्या कंपनीची. १८९६ साली सेंट्रल प्रोव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावानं सुरू झालेला तो कारभार पुढे सेंट्रल प्रोव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झाला आणि १९६२ साली सरकारी भागीदारीत त्याची मॉईल झाली. आबाजींची अर्धी नोकरी साहेबाच्या हाताखाली गेली, अर्धी सरकारच्या. अर्जाची भाषा दोन्हीकडे तीच राहिली. ‘आय बेग टू स्टेट’नं सुरुवात, ‘युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’नं शेवट. गावात कोणाची बदली अडली, कोणाचं पेन्शन थकलं, तर माणसं संध्याकाळी आमच्या सपरीत येऊन बसायची आणि आबाजी अर्ज लिहून द्यायचे. अक्षर उजवीकडे कललेलं, खाडाखोड नाही. पण साहेबासमोर उभं राहायची वेळ आली की ‘येस सर’ आणि ‘नो सर’ यांच्यापलीकडे आपण कधी गेलो नाही, असं ते स्वतःच सांगत. जास्त बोलणारा कारकून साहेबाला चालत नसे. आणि जास्त बोलणारं पोट्टं आबाजींना चालत नसे.

आम्ही सख्खी-चुलत मिळून नऊ भावंडं. सगळ्यांत मोठा दादा १९७० च्या आसपासचा, सगळ्यांत धाकटी १९८५ ची. तिला आम्ही अजूनही छोटीच म्हणतो. सगळी मराठी शाळेतली, सगळ्यांचं इंग्रजी पाचवीला सुरू झालेलं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमच्यातलं शेवटचं पोरही दहावीच्या उंबऱ्यावर पोचलं होतं. 

वर्गात गुरुजी बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकातलं एक वाक्य वाचायचे, मग त्याचं मराठी सांगायचे, मग पुढचं वाक्य. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर. बाकी सगळं नवनीतच्या गाइडात. परीक्षेला निबंध ठरलेले असायचे, त्यातला एक जत्रेचा. आता गंमत बघा. आमच्या तालुक्यात गायमुखला महाशिवरात्रीची केवढी जत्रा भरते. आम्ही दरवर्षी जायचो, धुळीनं माखून यायचो. पण निबंधात गायमुख कधी आलं नाही. निबंधातल्या जत्रेत आकाशपाळणा असायचा, फुगेवाला असायचा, हरवलेलं लहान मूल असायचं आणि ते शेवटी आईला सापडायचं. आम्ही नऊच्या नऊ जणांनी वेगवेगळ्या वर्षी तेच मूल हरवलं आणि शोधून आणलं. मार्कही जवळपास सारखेच पडले.

उन्हाळ्यात आबाजी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसवायचे. सकाळी सात ते नऊ, ऊन सपरीत यायच्या आत. मराठी वाक्य वाचायचं, पाटीवर इंग्रजी लिहायचं, दाखवायचं. आबाजी चूक खोडत. का खोडली ते सांगत नसत. विचारायची कोणाची छाती नव्हती. रात्री नऊला आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या लागायच्या आणि सगळ्यांनी गप्प बसायचं, समजो न समजो. तो रेडिओ चालायचा सेलवर. आमच्या शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलमध्ये वापरतात, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळलं. म्हणजे बातम्या दिल्लीच्या असल्या तरी त्यातला जोर थोडाबहुत आमच्याच मातीचा असावा, अशी आमची समजूत आम्ही करून घेतली आहे.

काकांनी नागपूरच्या सीताबर्डीच्या फुटपाथवरून रॅपिडेक्स आणलं, तेव्हा घरात पहिल्यांदा बोलायचं इंग्रजी आलं. त्याच्या जाहिरातीत कपिल देव असायचा, त्यामुळे पुस्तकावर आमचा भलताच विश्वास. त्यात हॉटेलातले संवाद होते, पोस्टातले होते, डॉक्टरकडचे होते. आम्ही दोघं-दोघं बसून ते म्हणायचो. एकानं गिऱ्हाईक व्हायचं, एकानं वेटर. पण तुमसरच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात आलुबोंडा मागायला ते संवाद काही कामी येत नसत आणि डॉक्टर हिंदीतून ओरडायचे. महिनाभरात पुस्तक पलंगाच्या पायाखाली गेलं. पलंग मात्र सरळ उभा राहिला.

दादा नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून इंजिनियर झाला आणि नव्वदीच्या मध्यात टोफेल देऊन अमेरिकेला गेला. तेव्हाच्या टोफेलमध्ये बोलायचा भागच नव्हता. ऐकायचं, व्याकरणाचे गोल काळे करायचे, उतारे वाचायचे, आणि काही ठरावीक तारखांना अर्ध्या तासाचा एक निबंध. हे सगळं आमच्या घरच्या तालमीत बसणारं होतं. दादाला उत्तम गुण पडले. आबाजींनी ‘हितवाद’च्या कडेला पेन्सिलीनं ते लिहून ठेवले.

तिकडून त्याचं पहिलं लांब पत्र आलं त्यात थंडी होती, स्वयंपाकाचे हाल होते, आणि एक परिच्छेद असा होता जो आम्ही भावंडांनी पुन्हा पुन्हा वाचला. दादानं लिहिलं होतं की इथं मास्तर शिकवताना मध्येच थांबतात आणि विचारतात, तुला काय वाटतं? पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी वाट पाहत बसलो की आता ते स्वतःच उत्तर सांगतील. ते सांगेनात. वर्ग माझ्याकडे बघतोय. आणि खरं सांगू का, मला काहीच वाटत नव्हतं.

मोठी आई, म्हणजे बाबांची थोरली भावजय, म्हणाली, “तब्येत बरी नसन त्याची.”

टोफेलमध्ये बोलण्याचा भाग आला तो २००५ साली, परीक्षा इंटरनेटवर गेल्यावर. कानाला हेडफोन, समोर माईक, विचार करायला पंधरा सेकंद आणि बोलायला पंचेचाळीस. दादा तेव्हा फोनवर हसला होता, आपण वेळेत निसटलो म्हणून.

छोटी निसटली नाही.

छोटी नागपूरला नर्सिंग शिकली आणि तिथल्याच एका इस्पितळात अतिदक्षता विभागात कामाला लागली. रात्रपाळीत व्हेंटिलेटरचे आकडे वाचणारी, डॉक्टर यायच्या आत निम्मं काम उरकणारी मुलगी. २०१६ च्या सुमारास तिच्या मनानं इंग्लंडला जायचं घेतलं. तिथं नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर आयईएलटीएस परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत प्रत्येकी ७ बँड लागत. नऊपैकी सात. ऐकण्यात आणि वाचण्यात तिचं गाडं अडलं नाही. ते आबाजींनी सगळ्यांकडून करून घेतलं होतं. अडलं ते बोलण्यात आणि लिहिण्यात. रजा टाकून ती उन्हाळ्यात घरी आली आणि आमच्या सपरीत तिचा वर्ग सुरू झाला. सुट्ट्या होत्या, आम्ही बरीच भावंडं पोराबाळांसकट जमलो होतो. त्या महिन्याभराची आठवण निघाली नाही असं आमचं एकही लग्नकार्य नंतर झालं नाही.

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. समोर खरा माणूस बसतो, सगळं रेकॉर्ड होतं. आधी चार-पाच मिनिटं साध्या गप्पा: घर कुठं, काम काय, पाऊस आवडतो का. मग तो एक कार्ड देतो. त्यावर विषय आणि खाली तीन-चार मुद्दे. एक मिनिट विचार करा, कागद-पेन्सिल घ्या, टिपणं काढा. मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोला. समोरचा मध्ये बोलत नाही, मान डोलवत नाही, ‘बरं मग’ म्हणत नाही. त्यानंतर चार-पाच मिनिटं त्याच विषयावर जरा वरच्या पातळीची चर्चा.

परीक्षक कोण होणार? काकू. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण, आयुष्यभर मराठी शिकवलेलं. पण नजर अशी की दगडही उभा राहून पाढे म्हणेल. शिवाय त्यांच्याकडे सेकंदकाटा असलेलं घड्याळ होतं. काकूंना इंग्रजी उत्तर निम्मं कळे, निम्मं नाही. त्या म्हणायच्या, “मले समजन्याशी काय काम? तू थांबली का नाही, एवढंच पाहाचं हाय.”

पहिलं कार्ड आलं, तुमच्यावर प्रभाव पाडणाऱ्या व्यक्तीविषयी बोला. छोटी आजीविषयी बोलायला लागली. वीस सेकंद झाले नसतील तर मोठी आई आतून, “अवं ते पोलक्याचं सांग ना.” बाबांनी पेपरातून डोकं काढलं, “ते साल एकाहत्तर नाही, बहात्तर होतं. दुष्काळाचं.” काका म्हणाले, “आधी तिला सांगू द्या जी.” मग साल एकाहत्तर की बहात्तर यावर दोघा भावांची जुंपली. छोटी कार्ड हातात घेऊन उभी. काकूंनी घड्याळ पदरात टाकलं.

तेव्हा हे नुसतं हसण्यावारी गेलं. नंतर लक्षात आलं की अडचण तिथंच होती. आमच्या घरात बोलणं कमी होतं असं कोणी म्हणणार नाही; सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत घर वाजत असे. पण ते सगळ्यांनी मिळून बोलणं. एकानं वाक्य सुरू करायचं, दुसऱ्यानं पुरं करायचं, तिसऱ्यानं त्यात मीठ घालायचं. एक माणूस दोन मिनिटं एकटा बोलतोय आणि बाकीचे ऐकताहेत, हे फक्त आबाजींच्या बाबतीत घडे, आणि तेही बहुधा कोणाला तरी रागावताना. पोरांनी असं बोललं तर त्याला तोंड चालवणं म्हणत. पोरींनी बोललं तर त्याला काय म्हणत ते लिहायला नको. जुन्या घराच्या आठवणी काढताना आम्ही सगळे त्या कलकलाटाचं फार कौतुक करतो. मला स्वतःला ते कौतुक अर्धंच पटतं. त्या कलकलाटात आमच्या आया चाळीस चाळीस वर्षं राहिल्या आणि त्यांना काय वाटतं हे त्यांनी एकसलग कधी सांगितलं नाही, कारण कोणी कार्ड देऊन विचारलं नाही.

छोटी चाळीस सेकंदांवर अडायची. शब्द संपले म्हणून नव्हे. तिला वाटे आता कोणीतरी बोलेल. ती थांबून समोरच्याकडे बघायची. काकू ढिम्म. “काऊन बंद झाली? काटा फिरूनच राह्यला.” हळूहळू घरानं शिस्त शिकली. कार्ड निघालं की टीव्ही बंद, मिक्सर बंद, बाबा पेपर घेऊन अंगणात. मोठी आई तोंडावर पदर धरून बसायची. तिला सगळ्यांत कठीण गेलं. दोन मिनिटं पुरी झाली की मग जो तो आपलं म्हणणं सांगायला मोकळा.

एक कार्ड होतं, तुमच्या भागातल्या सणाविषयी बोला. नागपूरच्या क्लासमध्ये यावर दिवाळीचं उत्तर छापील मिळालं होतं: दिवे, फराळ, अंधारावर प्रकाशाचा विजय. छोटीनं ते घडघडा म्हणून दाखवलं. आमच्यातला एक भाऊ म्हणाला, हे तर जत्रेत हरवलेलं पोर आहे. सगळे हसलो, पण त्याचं खरं होतं. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला पहिल्या दोन वाक्यांत कळतं आणि तो विषय फिरवून असं काही विचारतो की पाठांतर तिथंच गळून पडतं.

मग मंडई निघाली. आमच्या भागात भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. गोवारी बांधव वाजतगाजत येतात, दुकानं लागतात, लेकी-जावई येतात, रात्री दंडार किंवा झाडीपट्टीचं नाटक. छोटी सुरू झाली आणि पहिल्यांदा तिचे हात हलायला लागले. शिंगाड्यापाशी अडली. भंडारा तलावांचा जिल्हा, मंडईत उकडलेले शिंगाडे नसतील तर ती मंडईच नव्हे. पण इंग्रजीत म्हणायचं काय? ती क्षणभर घुटमळली आणि मग सांगत सुटली: तलावात वाढतं, पाण्यावर वेल पसरते, वरून काळं नि काटेरी, आत पांढरं, उकडून खायचं, ढीवर लोक तलावात उतरून काढतात. वेळ संपल्याची काकूंनी खूण केली तरी ती थांबेना. पुढे क्लासमधल्या मॅडमनी तिला सांगितलं की नेमका शब्द माहीत नसताना वर्णन करून पुढे जाता येणं याला परीक्षेत किंमत असते, नुसतं अडून बसण्याला नाही. आमच्या घरात ती किंमत काकूंनी आधीच ठरवली होती. त्यांनी वहीत शेरा दिला, ‘बेस’.

उच्चारांची तिला फार धास्ती होती. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. आमच्या आजीचं पाणी ‘पानी’ आणि डोळा ‘डोरा’. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, तिच्या साहित्याची चळवळ उभी केली. पण नागपूरच्या होस्टेलात त्याचा काय उपयोग? तिथं पहिल्या वर्षी मुली तिला हसल्या होत्या आणि तिनं बोली खोलीबाहेर ठेवायला शिकून घेतलं होतं. आता इंग्रजीत पुन्हा तेच होणार असं तिला वाटे. प्रत्यक्षात परीक्षेत उच्चारांना गुण असतात ते समोरच्याला सहज कळतं की नाही यावर. तुम्ही लंडनसारखं बोलता की तुमसरसारखं, यावर नाहीत. हे तिला पटायला त्या उन्हाळ्यातला बराच काळ गेला. पटलं तेव्हा तिचा वेग निम्म्यावर आला आणि बोलणं ऐकण्यासारखं झालं.

लिहिण्याचा भाग साठ मिनिटांचा. पहिल्या प्रश्नात आलेख किंवा तक्ता देतात, त्याचं किमान दीडशे शब्दांत वर्णन. दुसऱ्या प्रश्नात निबंध, किमान अडीचशे शब्द, आणि त्याला दुप्पट वजन. शहाणा विद्यार्थी पहिल्याला वीस मिनिटं देतो, दुसऱ्याला चाळीस.

आलेखाचं खातं बाबांकडे गेलं. बाबांनी बाजार समितीत बत्तीस वर्षं धानाच्या आवकीचे तक्ते भरले होते. कोणत्या महिन्यात आवक चढली, कधी उतरली, गेल्या सालापेक्षा किती, हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी छोटीला फार चांगली एक गोष्ट शिकवली: आधी तक्त्याकडे लांबून बघ, सगळ्यांत मोठं काय दिसतं ते पहिल्या दोन ओळींत सांग, आकडे नंतर. हे परीक्षकांनाही हवंच असतं. पण बाबांचं एक दुखणं होतं. आकडा खाली गेला की ते कारण सांगायचेच. या आलेखात फक्त दिसतं ते लिहायचं असतं, कारणं आपल्या मनानं जोडायची नसतात, हे छोटीनं दहादा सांगितलं. बाबा ऐकायचे नाहीत. “आवक पडली म्हणजे तुडतुडा आला असन, नाहीतर पानी उशिरा आलं असन. कारन नाही त तक्ता कायले?” आलेख असायचा ब्रिटनमधल्या सिनेमागृहांच्या प्रेक्षकसंख्येचा.

दुसऱ्या प्रश्नातला निबंध मात्र कोणाच्या हातात येईना. तिथं एक विधान देतात आणि विचारतात, तुम्ही कितपत सहमत आहात? प्राणिसंग्रहालयं असावीत का, मुलांना गृहपाठ द्यावा का, सरकारनं रस्त्यांवर खर्च करावा की रेल्वेवर. छोटी दर वेळी लिहायची की दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पहिला परिच्छेद याच्या बाजूनं, दुसरा त्याच्या बाजूनं, शेवट ‘समतोल साधला पाहिजे’. इंग्रजी स्वच्छ, स्पेलिंग अचूक, गुण साडेसहा. पुन्हा दिलं, पुन्हा साडेसहा. फी तेव्हा दहा हजारांच्या वर होती. नर्सच्या पगारातून ती काढताना काय होतं ते तिच्या पासबुकाला माहीत. इथं माझं परीक्षेशी भांडण आहे. अतिदक्षता विभागात काम केलेल्या बाईला इंग्लंडमधल्या म्हाताऱ्याची नाडी बघता येते की नाही, हे प्राणिसंग्रहालयाच्या निबंधावरून कसं ठरतं, ते मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. २०१७ च्या अखेरीस तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं ओईटी ही वैद्यकीय कामावर बेतलेली परीक्षाही चालेल असं जाहीर केलं. तिच्यात रुग्णाविषयी पत्र लिहायचं असतं. अक्कल आली म्हणायची. पण छोटीची सगळी तयारी जुन्या परीक्षेची, ती तिथंच राहिली.

काकांनी एका संध्याकाळी तिच्या वह्या चाळल्या आणि म्हणाले, “तुले खरंच दोन्ही पटते का वो?”

छोटी म्हणाली, नाही. प्राणिसंग्रहालयाचा मला राग येतो.

“मंग राग लिही.”

तिला ते जमेना. राग लिहिणं म्हणजे उद्धटपणा, असं हाताला वळण होतं. आबाजींच्या अर्जात कधी राग नव्हता. अन्याय झाला असला तरी ‘बेग टू स्टेट’च होतं. शाळेच्या निबंधात नव्हता. घरात कोणी मोठं बोललं की ‘तुमचंही बरोबर आहे’ म्हणून वाट काढायची, हे आम्हां नऊही जणांना इतकं येत होतं की पुढे नोकऱ्यांत आम्ही सगळे समजूतदार म्हणून नावाजले गेलो. त्या समजूतदारपणाला आयईएलटीएसमध्ये अर्धा बँड कमी पडत होता. मग काकांनी सपरीत वाद लावायला सुरुवात केली. विधान वाचायचं, छोटीनं एक बाजू घ्यायची, बाकी सगळ्यांनी तिच्या विरुद्ध. मराठीत. शेवटी तिनं तेच इंग्रजीत लिहायचं. एकदा बायकांनी लग्नानंतर नोकरी करावी का असं काहीसं विधान होतं. मोठी आई विरुद्ध बाजूला बसवलेली. ती दोन-चार वाक्यं विरुद्ध बोलली आणि एकदम म्हणाली, “मले शाळेत नोकरी लागत होती. तुमच्या आबाजीनं नाही म्हनलं.” हे आम्हांला कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या मुलांनाही नव्हतं. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मोठी आई बोलत राहिली. नक्कीच दोन मिनिटांहून जास्त बोलली असेल, आणि सगळं तिच्या झाडीबोलीत.

छोटीला बोलण्यात साडेसात मिळाले. लिहिण्यात पुन्हा साडेसहाच. आणि मग २०१८ च्या डिसेंबरात त्याच नर्सिंग कौन्सिलनं नियम बदलला: बाकी तिन्हींत सात हवेतच, पण लिहिण्यात साडेसहा पुरेत. तिचा निकाल दोन वर्षांच्या मुदतीत बसत होता. २०१९ मध्ये ती गेली. राग लिहायला शिकवणाऱ्या काकांना मात्र अजून वाटतं की पुढच्या खेपेला सात नक्की मिळाले असते.

आता घरात पुढची पिढी तयारीला बसली आहे. आमच्या एका भावाची मुलगी, इंग्रजी शाळेत शिकलेली, आयर्लंडला एमएस करायचं म्हणते. तिची परीक्षा कॉम्प्युटरवर. बोलण्यासाठी मात्र समोर माणूसच असतो. सलग दोन मिनिटं तिला फारच कमी पडतात. इंग्लंडहून छोटी रविवारी व्हिडिओ कॉलवर तिची परीक्षा घेते आणि काकूंइतकीच कडक आहे. पोरीची अडचण वेगळी: फोननं स्पेलिंग दुरुस्त करायची सवय लावलेली, त्यामुळे कोऱ्या पानावर अक्षरं चुकतात. म्हणून छोटीनं हुकूम काढला की सरावाचे निबंध कागदावर हातानं लिहायचे आणि आजोबांना, म्हणजे बाबांना, तपासायला द्यायचे.

गेल्या महिन्यात आलेलं विधान होतं, म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी मुलांनी घरीच घ्यावी. पोरीनं ठणठणीत असहमती लिहिली. मुलांना त्यांचं आयुष्य असतं, काळजी घेणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, त्याची व्यवस्था सरकारनं केली पाहिजे. आणि उदाहरण म्हणून इंग्लंडात परक्या म्हाताऱ्यांची सेवा करणारी आपली आत्या दिली. बाबा ऐंशीच्या पुढे आहेत, गुडघ्यांनी चालवत नाही, आणि ते याच घरात मुलासुनेजवळ राहतात. त्यांनी चष्मा लावून निबंध दोनदा वाचला. ‘गव्हर्नमेंट’मधला राहिलेला एन पेन्सिलीनं घातला, दोन ठिकाणी स्वल्पविराम दिले. मग पहिल्या ओळीपासून एकेका शब्दावर पेन्सिल टेकवत शेवटापर्यंत गेले आणि वही तिच्याकडे सरकवत म्हणाले, “दोनशे एकेचाळीस झाले. नऊ शब्द कमी आहेत, अजून एखादं कारण टाक.”